हलका हात

तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची ती एक-दोनदाच. लगेच तार चढवून ऐकायचं, उतरवायची, पुन्हा जरा घासायचं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत याची सवय व्हायला मला फार वेळ लागला, कारण अंग तालमीचं. तिथं वस्ताद ‘अजून मार’ म्हणायचे आणि मारत राहिलेला जिंकायचा. इथं एक हात जास्त पडला की घोडी वाया. घोडीचं घासून गेलेलं हाड भरून येत नाही.

दादा अपघातात गेला. तालमीत माझी जोड त्याच्याशीच असायची. नंतर पुन्हा लंगोट लावला, पण समोरचा पट काढायला वाकला की मी नुसता उभा. सगळे म्हणायचे, मेहनत कर, विसरशील. मेहनतीनं माणूस दमतो, विसरत बिसरत नाही.

काकांच्या ओळखीनं गल्लीत आलो तो उचल-ठेव करायला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे उतरवायचे, भिजवून आतला गर खरवडायचा. वाद्यं बनवण्याच्या कामाचे इथले मूळपुरुष फरीदसाहेब आधी शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हे कळल्यावर जरा धीर आला. इथला पहिला कारागीरच दुसऱ्या धंद्यातून आलेला!

मग जवारी पाहिली, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा झणकार जुळवणं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उताराला टेकत-सुटत थरथरते, म्हणून झणकार उठतो. तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर सरकवला की एका जागी आवाज एकदम खुलतो. ती जागा शोधताना डोक्यात दुसरं काही मावत नाही. दादाही नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कानस ठेवून बाहेर जाऊन बसलो. दुकानाच्या उस्तादांनी चहा पाठवला, विचारलं काहीच नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिऱ्हाईक मात्र अजून कानानंच पारखतं. चार तारांतली खर्जाची जाड पितळी तार सर्वांत हट्टी. तिची जवारी उस्ताद अजून मला एकट्याला काढू देत नाहीत. ‘पैलवान, आधी ऐक,’ एवढंच म्हणतात.

मध्यंतरी वस्ताद दुकानात आले. तानपुऱ्याकडं पाहिलंच नाही, माझा पंजा धरून दाबला. म्हणाले, पकड आहे अजून. असायलाच हवी, खुंट्या घट्ट बसवायच्या तर ती लागतेच.