तेरा नंबरचं पान आणि छातीतली धडधड

मागच्या महिन्यात ओपीडीत एक ताई आल्या. वय 46, जवळच्याच खेड्यातल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आठ दिवसांपासून झोप नाही, रात्री छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. बीपी 150/96, ईसीजी नॉर्मल. हिमोग्लोबिन, थायरॉईडही ठीक निघाले. मग कारण त्यांनीच सांगितलं. पुण्याच्या भाचीने व्हिडिओ कॉलवर टॅरो कार्ड काढलं होतं. पान निघालं तेरा नंबरचं. मृत्यू.

मी हसलो. तिथे माझं चुकलं. ताई एकदम गप्प झाल्या.

आमच्या लहानपणी मूर्तिजापूर स्टेशनबाहेर पोपटवाला बसायचा. शकुंतला रेल्वेची वाट पाहणारे लोक त्याच्याकडून चिठ्ठी काढून घेत. त्या पोपटाने मृत्यूची चिठ्ठी कधी काढली नाही. धंदाच बुडाला असता! टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत निघाले, तेही खेळण्यासाठी. भविष्य सांगायला ते पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वापरात आले. आज दिसणारी चित्रं बहुधा 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचातली, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची असतात.

ताईंच्या मोबाइलमध्ये ते पान होतं, ते आम्ही दोघांनी पाहिलं. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा. राजा आडवा पडलेला, धर्मगुरू हात जोडून उभा, तरुणीने तोंड फिरवलेलं. एक लहान मूल मात्र सरळ वर बघतंय. मला एपिक्युरस आठवला, तेवीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक तत्त्वज्ञ. त्याचा विचार असा, की आपण जिवंत आहोत तोवर मरण आलेलं नसतं, आणि ते आलं की दुःख भोगायला आपण उरत नाही. मग घाबरायचं कोणी? हे मूल तसंच बघतंय, असं मी ताईंना समजावलं.

त्या म्हणाल्या, "मले मरनाचं भेव नाही, डाक्टरसाहेब. पोरगा बारावीत हाये. त्याच्याकडं कोन पाहीन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री पुन्हा एपिक्युरस उघडला. तो इ.स.पू. 270 मध्ये गेला. खड्याने लघवी अडली होती, चौदा दिवस हाल झाले. मुतखड्याचा रुग्ण कसा तळमळतो हे वऱ्हाडात डॉक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. त्या अवस्थेत त्याने मित्राला पत्र लिहिलं. जुन्या गप्पांच्या आठवणींनी वेदना सोसतोय, असं कळवलं आणि आधी वारलेल्या मेट्रोडोरस या मित्राच्या मुलांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. मृत्युपत्रातही त्या मुलांची सोय केली. म्हणजे पोरांची काळजी त्यालाही सुटली नव्हती. पण तिची त्याने व्यवस्था लावली.

पुढच्या भेटीत ताईंना हे सांगितलं. बँकेत वारसाचं नाव लावलंय का, विचारलं. नव्हतं. बीपीची गोळी वर्षभरापासून बंद होती, हेही तेव्हाच कळलं. गोळी पुन्हा सुरू केली.

वाईट होणार या नुसत्या अपेक्षेनेही शरीराला त्रास होतो. याला नोसिबो परिणाम म्हणतात. भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढतं, धडधड होते. श्वास जोरजोरात घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात. म्हणजे त्रास खराच असतो. पण ही भीतीच आहे, असं घरी बसून ठरवू नका. छातीवर दाब, दम, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यांपैकी काही असेल तर लगेच दवाखाना गाठा. एक ईसीजी नॉर्मल आला तरी हार्ट अटॅक नाहीच, असं होत नाही.

काल ताई मुलाला घेऊन आल्या. बीपी 134/86. झोप पाच तास लागते, धडधड अजून अधूनमधून होते. बँकेचं काम झालंय. भाचीने दुसरं पान काढू का म्हणून विचारलं होतं म्हणे. "म्या म्हटलं, राहू दे माय, आधी गोळी घेऊ दे."