बंद झालेले संघ

बदलीवर आलेल्या मनुष्याने नव्या गावी पाऊल ठेवताच काय विचारावे, याचे काही ठरलेले संकेत आहेत. पाणी किती वाजता येते, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, ज्वारीचे पीठ कोठे मिळते आणि मराठी मंडळाचा गणपती कोठे बसतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे बिऱ्हाड लागले असे समजावयास हरकत नाही. १९९६ साली आम्ही बंगळूरला बदलून आलो तेव्हा हे चारही प्रश्न आम्ही विचारलेच. परंतु त्यांच्याही आधी, स्टेशनवर उतरवून घ्यावयास आलेल्या सहकाऱ्याला आम्ही पाचवा एक प्रश्न विचारला : 'बंगळूर मुस्लिम्सचे मैदान कोठे आहे हो?' त्या सद्गृहस्थांनी आमच्याकडे किंचित संशयाने पाहिले आणि हमालाशी घासाघीस करण्यात मन गुंतविले.

खरे म्हणजे तो प्रश्न आमचा नव्हता. आमच्या वडिलांचा होता. वडील मुंबईत एका कचेरीत कारकून होते. गिरगावात दोन खोल्यांत आमचे कुटुंब राही. वडिलांना व्यसन म्हणून एकच होते, रोव्हर्स चषकाचे सामने. कचेरी सुटली की ते पायी कूपरेजच्या मैदानावर जात आणि रात्री जेवताना साऱ्या सामन्याचे निरूपण करीत. क्रिकेट हा त्यांच्या मते रिकामटेकड्यांचा खेळ होता. दीड तासात निकाल लागतो तो खरा खेळ. त्यांच्या या निरूपणात बंगळूर मुस्लिम्स हे नाव हटकून येई. आमच्या बाळपणी ज्या आदराने घरात पानिपताचा विषय निघे, त्याच आदराने हेही नाव निघे. फरक इतकाच, की येथे शेवटी जय होता.

वडिलांच्या या आदराला इतिहासाचा आधार होता. रोव्हर्स चषकाचा पहिला अंतिम सामना १८९१ साली झाला आणि पुढे सेहेचाळीस वर्षे तो चषक एकाही हिंदी संघाच्या हाती लागला नाही. गोऱ्या पलटणी येत, जिंकत आणि चषक आपल्या बराकीत घेऊन जात. ही परंपरा १९३७ साली मोडली. त्या वर्षी बंगळूर मुस्लिम्सने कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगचा एका गोलाने पराभव केला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात समोर गोरी पलटण होती, आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स. तिलाही त्यांनी तीन विरुद्ध दोन गोलांनी नमविले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्यांनी मोहन बागानला हरवून तिसऱ्यांदा चषक जिंकला. तेव्हा वडील अठरा वर्षांचे होते. 'माणसे बंगळूरची, पण त्या दिवशी आम्ही सगळे बंगळूरचे झालो होतो,' असे ते सांगत. यानंतर विजेत्यांच्या यादीत ते नाव पुन्हा आले नाही.

तेव्हा मुलगा बंगळूरला निघाला म्हटल्यावर वडिलांनी ते मैदान पाहून येण्यास सांगावे, हे साहजिकच होते. आम्ही पुष्कळ हिंडलो. लष्कर भागातील शिवाजीनगर हे नाव वाचून कोणाही मराठी मनुष्याला आपल्या घरी आल्यासारखे वाटते. तेथील चहाच्या दुकानांतून आम्ही चौकशी केली. हलसूरजवळच्या गौतमपुऱ्यात गेलो. तेथे पेलेचा पुतळा आहे आणि गल्लीतील पोरांना चालण्यापूर्वीच चेंडू मारता येतो असे म्हणतात. माणसांची नावे मात्र जिकडेतिकडे निघत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे रामन याच भागातले. ईस्ट बेंगालच्या पाच आघाडीवीरांना कलकत्त्याने पंचपांडव म्हटले. त्यांतले अहमद खान बंगळूरचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघातले केंपय्या येथले. १९६२ साली जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले अरुमैनायगम येथलेच. माणसे लोकांच्या स्मरणात होती. बंगळूर मुस्लिम्सचे मैदान मात्र आम्हाला कोणी बोट करून दाखविले नाही. वडिलांना आम्ही पत्रात लिहिले, 'शोध चालू आहे.' सरकारी नोकरीत हे वाक्य किती वेळा लिहावे लागते, ते वाचकांना निराळे सांगावयास नको.

बंगळूरला राहू लागल्यावर आमच्या ध्यानात आले, की येथील फुटबॉल मोहल्ल्यांतून निघून कधीच कारखान्यांत गेला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथे विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे हिंदुस्तान एअरोनॉटिक्स झाला. १९४८ मध्ये टेलिफोनचा कारखाना निघाला आणि त्याच्याभोवती वसाहत वसली, तिचे नाव दूरवाणीनगर. आपण ज्याला दूरध्वनी म्हणतो त्याला कानडी मनुष्य दूरवाणी म्हणतो. नुसत्या ध्वनीपेक्षा वाणी खचितच बरी! या कारखान्यांनी फुटबॉलचे संघ बाळगले. पद्धत साधी होती. पोरगा चांगला खेळतो असे दिसले की त्याला कामगार किंवा कारकून म्हणून नेमावयाचे, सकाळी हजेरी, दुपारनंतर सरावाला सवलत. गुडघा निकामी झाला तरी नोकरी कायम. गरीब घरातल्या मुलाच्या आईला गोलापेक्षा या शेवटल्या कलमाची किंमत अधिक होती. मुंबईतही हेच चाले. टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, महिंद्र या नावांचे संघ वडिलांनी पाहिले ते याच रीतीने पोसलेले.

जी व्यवस्था नेमणुकीवर उभी असते, ती नेमणूक थांबली की कोसळते. टेलिफोनच्या कारखान्याचा संघ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय लीगमध्ये खेळला आणि पुढे नाहीसा झाला. विमान कारखान्याचा संघ २०१०-११ आणि २०११-१२ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये होता. दुसऱ्या हंगामाअखेर तो तळाशी राहून खालच्या श्रेणीत गेला आणि वर आला नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडची गोष्ट तर अधिक चमत्कारिक. २००५-०६ साली ते राष्ट्रीय विजेते झाले आणि २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला. खुद्द रोव्हर्सची स्पर्धाही २०००-०१ नंतर झाली नाही. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत बेसबॉलचे मोठे संघ आपल्या हाताखाली लहान गावांतले संघ बाळगतात. २०२१ साली त्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणण्यात आली. चाळीस संघांचा आश्रय एका फटकाऱ्यात तुटला. त्यांपैकी एकाचाही संबंध मैदानावरल्या हारजितीशी पोहोचत नसावा, अशी आमची समजूत आहे. कारण असला फटकारा कोठून निघतो, ते आम्हाला पुरते ठाऊक आहे.

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यासाठीच हा लेख आम्ही हाती घेतला, आणि ते टाळण्यासाठीच इतका वेळ इतिहास सांगत बसलो.

आमच्या कचेरीचाही एक फुटबॉल संघ होता. फार मोठा नव्हे. जिल्ह्याच्या लीगमध्ये मधल्या श्रेणीत खेळे. कचेरीच्या मागे त्यांचे मैदान होते, एका बाजूला उतरते, पावसाळ्यात गोलाच्या तोंडाशी तळे साचणारे. २००४ साली लेखापरीक्षकांनी संघावरील खर्चाला आक्षेप घेतला. धारिका आमच्या मेजावर आली. खेळाडूंची नवी भरती कित्येक वर्षे बंदच होती. संघातले निम्मे लोक पस्तिशी उलटलेले होते. आम्ही टिपणी लिहिली. कार्यालयाच्या मूळ कार्याशी या संघाचा संबंध नाही, नव्या खेळाडूंअभावी संघाला भवितव्य नाही, सबब तो चालू हंगामाअखेर विसर्जित करण्यास हरकत नसावी, मान्यतेसाठी सादर. टिपणी उत्तम उतरली होती. वरिष्ठांनी तिच्यातला एक शब्दही बदलला नाही. त्या दुपारी आम्ही समाधानाने चहा घेतला, हे आम्हाला अजून आठवते.

रविवारी मुंबईस फोन केला तेव्हा सहज बोलता बोलता आम्ही ही गोष्ट वडिलांच्या कानावर घातली. ते काही वेळ बोलले नाहीत. रागावले असते तर आमच्यापाशी उत्तरे तयार होती. लेखापरीक्षकांचा आक्षेप होता, खर्चाचे आकडे होते. त्यांनी एवढेच विचारले, 'त्यांची शिल्ड कुठे ठेवली रे?' संघाने कधीतरी एक ढाल जिंकली होती आणि ती मनोरंजन कक्षातल्या कपाटात असे, एवढे आम्हाला माहीत होते. पाहून सांगतो, असे आम्ही म्हणालो. पाहावयाचे राहून गेले. २००७ साली वडील गेले. त्यांनी विचारलेल्या दोन गोष्टी, एक मैदान आणि एक ढाल, आम्ही त्यांना सांगू शकलो नाही.

निवृत्तीनंतर आम्ही येथेच राहिलो आणि अशोकनगरच्या फुटबॉल मैदानावर जाऊन बसू लागलो. मॅग्रथ रस्त्याच्या अंगाला गरुडा मॉलच्या पलीकडे ते आहे. त्या जागी पूर्वी शूळे नावाचे तळे होते. कंठीरव मैदान संपंगी तळ्यात आहे, हॉकीचे मैदान अक्कीतिम्मनहळ्ळीच्या तळ्यात. या शहराने तळी बुजवून मैदाने केली. आमच्यासारख्यांनी मैदाने बुजवून काय केले, ते पुढे येईलच. एका दुपारी स्थानिक लीगचा सामना चालू असता शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. कोणत्याशा कारखान्याकडून ते अठरा वर्षे उजव्या बगलेवर खेळले होते. संघ मोडला तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. उरलेली तेवीस वर्षे त्यांनी भांडारात खिळे मोजले. आम्ही म्हणालो, 'चाचा, वाईट वाटले असेल.' ते मैदानावरची नजर न काढता म्हणाले, 'साब, हारे तो अगले साल देख लेते. बंद कर दिये तो किसको देखना?' मग त्यांनी आमची कचेरी विचारली. आम्ही नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. 'तुमचीही टीम होती की! त्या उतरत्या मैदानावर आम्ही एकदा हरलो होतो.' यावर आम्ही काय बोलणार? होती, एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या कचेरीत गेलो. मैदानाच्या जागी मोटारींसाठी फरशी घातली आहे. चढउतार मोडलेला नाही, त्यामुळे पावसाचे पाणी अजून त्याच कोपऱ्यात साचते. ढालीचा शोध डेड स्टॉक रजिस्टरपर्यंत लागला. दोन मोडक्या खुर्च्या आणि एका टंकलेखन यंत्राच्या जोडीने ती निरुपयोगी वस्तूंच्या यादीत गेली होती आणि वजनावर विकली गेली होती. नोंदीत संघाचे नाव नव्हते. 'धातूची वस्तू, एक.'

याचा अर्थ बंगळूरचा फुटबॉल संपला असा नव्हे. २०१३ साली बंगळूर एफसी हा नवा संघ निघाला आणि पहिल्याच हंगामात त्याने अशोकनगरच्या याच मैदानावर खेळत आय-लीग जिंकली. म्हैसूर राज्याने १९६८-६९ मध्ये जिंकलेला संतोष चषक कर्नाटकाने २०२३ च्या मार्चमध्ये, मेघालयाला तीन विरुद्ध दोन गोलांनी हरवून, चोपन्न वर्षांनी परत आणला, तोही थेट रियाधहून. आम्ही त्या रात्री एकट्यानेच टाळ्या वाजविल्या. खेळ टिकून राहतो. संघ बंद करणे कधीकधी अटळही असते. आमची टिपणी आज पुन्हा लिहावी लागली तरी आकडे तेच सांगतील. पण त्या टिपणीत पंधरा माणसांपैकी एकाचेही नाव नव्हते, आणि तशी आवश्यकता आम्हाला त्या वेळी वाटली नव्हती. बंगळूर मुस्लिम्सचे नाव विजेत्यांच्या यादीत आहे, म्हणून ते राहील. जे संघ मधल्या श्रेणीत खेळले, त्यांची यादी कोण ठेवणार? ती ठेवण्याचे काम, आमच्या मते, ज्याने सही केली त्याचे आहे.

आमच्या जुन्या जावक विभागातील एक शिपाई त्या संघात डाव्या बगलेवर खेळे. त्याच्या घरी संघाचे एक छायाचित्र निघाले. पाण्याने एक कोपरा गेला आहे. अकरा जण उभे आहेत आणि मधल्याच्या हातात ढाल आहे. त्याला सात नावे आठवली. ती आम्ही पाठीमागे पेन्सिलीने लिहून घेतली आहेत. उरलेल्या चौघांपैकी एकजण निवृत्तीनंतर कोलारकडे गेला आणि एकाचा मुलगा बस डेपोत आहे, इतका माग लागला आहे. परगावी नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांपैकी कोणाच्या मेजावर उद्या अशी एखादी धारिका आली, तर सहीपूर्वी एक छायाचित्र मागवून घ्यावे आणि नावे विचारावीत, एवढे सुचविण्याचा अधिकार आम्हाला नसला तरी अनुभव आहे. राहिलेली चार नावे मिळेपर्यंत आम्ही ते छायाचित्र भिंतीवर लावणार नाही.