बोहेमियाला जाणाऱ्या दोन वाटा

‘एज ऑफ एम्पायर्स २’ आणि ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हे दोन व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला एकाच मुलखात नेऊन सोडतात. तो मुलूख म्हणजे पंधराव्या शतकाच्या आरंभीचा बोहेमिया, आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. पहिला गेम डावपेचांचा. त्यात हा मुलूख घारीला दिसावा तसा आभाळातून दिसतो. दुसरा साहसाचा, आणि त्यात तो घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून पाहावा लागतो. दोन्हींना पुरेल एवढी सवड नसेल, तर एकाची निवड करावी लागते. त्याआधी त्या मातीत काय घडले ते ठाऊक असावे.

बोहेमियाचे वैभव चांदीवर उभे होते. कुत्ना होरा येथील खाणींतून ती निघे आणि १३०० पासून तिथेच प्राग ग्रोशेन नावाचे नाणे पाडले जाई. गादीवर चौथा वाच्लाव होता. १४०२ मध्ये त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, याने त्याला कैद केले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या फौजेने स्कालित्से हे चांदीच्या खाणींचे गाव जाळले. १४१५ मध्ये यान हुस या धर्मसुधारकाला कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांनी, म्हणजे हुसाइटांनी, १४१९ मध्ये शस्त्र उचलले, ते १४३४ पर्यंत खाली ठेवले नाही. त्यांचा सेनापती यान झिश्का आधी एका डोळ्याने आंधळा होता, नंतर दोन्ही डोळे गेले, तरी तो लढाया जिंकत राहिला. १४२४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या सैनिकांनी स्वतःला ‘अनाथ’ हे नाव दिले. मध्ययुगीन युरोपात इतके हृदयस्पर्शी नाव दुसऱ्या कुठल्या सैन्याने धारण केले असेल, असे वाटत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा अमेरिकेतील एन्सेम्बल स्टुडिओजने १९९९ मध्ये काढलेला गेम. २०१९ मध्ये त्याची नवी, देखणी आवृत्ती आली आणि २०२१ च्या ‘डॉन ऑफ द ड्यूक्स’ या पुरवणीने तिच्यात पोलिश आणि बोहेमियन लोक आणले. झिश्काच्या नावाची मोहीमही तिच्यातच आहे.

नेहमीचा डाव सुरू होतो तो अंधारात. काळ्याकुट्ट नकाशाच्या मधोमध उजेडाचे एक वर्तुळ, त्यात एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि टेहळणीला निघालेला एक घोडेस्वार. मेंढ्या शोधायच्या, झाडे तोडायची, सोने खणायचे. पन्नास अन्न मोजले की पंचवीस सेकंदांत नवा गावकरी दारातून बाहेर येतो. अंधारयुग, सरंजामी युग, किल्ल्यांचे युग, साम्राज्ययुग असे चार टप्पे चढत जायचे, आणि शेजाऱ्याच्या आधी चढायचे. एकाच वेळी शेतीची, खाणीची, तटबंदीची आणि फौजेची काळजी वाहावी लागते. ही घाई अंगात भिनली की तासभर कुठे गेला ते कळत नाही.

बोहेमियनांच्या हाती या खेळात हुसाइट गाडे येतात. इतिहासातले गाडे मुळात शेतकऱ्यांचे. झिश्काने त्यांना जाड फळ्या ठोकल्या, एकमेकांना साखळ्यांनी जखडून त्यांचा कोट केला आणि आत बंदुका व धनुष्ये घेतलेली साधी माणसे बसवली. पोलादात मढलेले सरदार या लाकडी भिंतीवर येऊन आदळत आणि फुटत. खेळातला गाडाही पाठीमागच्या सैनिकांवरचा मारा काही प्रमाणात स्वतः झेलतो. एवढ्या एका नियमात झिश्काच्या युद्धविद्येचे मर्म आले आहे, आणि ते हाताने करून पाहिल्यावर जितके पक्के समजते तितके वर्णन वाचून समजत नाही. बोहेमियनांच्या सुधारित तोफेचे नाव ‘हौफनित्से’. हा चेक शब्द जर्मनमधून फिरत इंग्रजीत ‘हॉवित्झर’ झाला. कारगिलच्या डोंगरांत १९९९ मध्ये धडाडलेल्या बोफोर्स तोफा याच जातीच्या.

मात्र या खेळातली माणसे जन्मल्यावर कधी जेवत नाहीत, आजारी पडत नाहीत. मेलेल्या गावकऱ्याचा सांगाडा काही क्षण गवतात दिसतो, मग विरून जातो, आणि पुन्हा पन्नास अन्न मोजायचे. सेनापतीला युद्ध असेच दिसत असावे.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ त्या सांगाड्यापाशी थांबतो. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओजने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून ११ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये हा गेम आणला. तेव्हा त्यात तांत्रिक चुका पुष्कळ होत्या. पुढे बऱ्याच निस्तरल्या गेल्या. साझावा नदीकाठचा सुमारे १६ चौरस किलोमीटरचा टापू त्यात उभा केला आहे. नायक हेन्री हा स्कालित्सेच्या लोहाराचा मुलगा. बापाने सांगितलेली कामे करत हिंडणारा हा पोरगा पहिल्याच दिवशी एका दारुड्याकडे उधारी मागायला जातो आणि बहुधा मार खाऊन येतो. त्याच दिवशी सिगिस्मुंडची फौज येते. गाव जळते, आईबाप मारले जातात. हेन्री जीव घेऊन पळतो, पण मन राहवत नाही म्हणून परत येतो आणि दोघांना लिंडेनच्या झाडाखाली पुरतो. आभाळातून पाहिले तर नकाशावरचे एक गाव पुसले गेले, एवढेच. इथे खड्डा खणावा लागतो.

पुढे हेन्री काय काय शिकतो, हाच या खेळाचा खरा विषय आहे. तलवार त्याला धरता येत नाही. भूक लागते, झोप येते, अंगाला घाण लागली की लोक तोंड फिरवतात, थैलीतले अन्न नासते. त्याला वाचताही येत नाही. पुस्तक उघडले की अक्षरांची सरमिसळ दिसते. उझित्स गावातल्या लेखनिकाकडे धडे घेतले की हळूहळू शब्द जागेवर येऊ लागतात, आणि पहिले अख्खे वाक्य लागते तेव्हा लढाई जिंकल्याहून अधिक आनंद होतो. साझावाच्या मठातही त्याला काही काळ शिकाऊ संन्यासी होऊन राहावे लागते. तिथे घंटा वाजली की उठायचे, प्रार्थनेला जायचे, ठरल्या वेळी जेवायचे आणि कामाला लागायचे. हा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो. पण मध्ययुगातला वेळ कसा जात असेल याची इतकी खरी चव फार थोड्या खेळांनी दिली आहे. खेळ हवा तेव्हा सेव्हही करता येत नाही. त्यासाठी एक खास मद्य खर्चावे लागते, नाहीतर हक्काच्या बिछान्यावर झोपावे लागते. त्यामुळे रानातल्या वाटेवर समोरून दोघे जण येताना दिसले तरी छातीत धडधडते.

निवडीत व्यवहारही पाहावा लागतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’ साध्या लॅपटॉपवर चालतो, एक डाव तास-दीड तासात संपतो, आणि दूरच्या शहरातल्या जुन्या मित्राशी समोर बसल्यासारखे खेळता येते. ‘किंगडम कम’ला दमदार संगणक किंवा कन्सोल लागतो, कित्येक आठवड्यांच्या संध्याकाळी लागतात आणि तो एकट्यानेच खेळायचा असतो. त्यातली हिंसा आणि काही प्रसंग पाहता तो मुलांसाठी नाही. घरात शाळकरी मुले असतील आणि त्यांना इतिहासाची गोडी लावायची असेल, तर पहिला गेम निःशंक घ्यावा.

प्रौढ, एकट्या, सवड असलेल्या खेळाडूने मात्र ‘किंगडम कम’पासून सुरुवात करावी. १४०३ चा जळका गाव आधी पायाखालून गेला पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला त्याचा दुसरा भाग हेन्रीला कुत्ना होराच्या परिसरात नेतो आणि तिथे त्याची गाठ प्रत्यक्ष यान झिश्काशी पडते. अजून कोणाचा सेनापती न झालेला हा माणूस ओळखीचा झाला, की मग ‘एज ऑफ एम्पायर्स’मधली त्याची मोहीम उघडावी. घारीच्या उंचीवरून दिसणाऱ्या त्या चिमुकल्या गाड्यांत कोण माणसे बसली आहेत, हे तोवर कळलेले असते.