सीमेवरची आष्टी

मोठ्या शहरांची नावे नकाशात ठळक अक्षरांत छापलेली असतात; लहान गावांची नावे शोधून काढावी लागतात. परंतु अक्षरांच्या आकारावरून गावाची थोरवी ठरत नाही, याची साक्ष वर्धा जिल्ह्यातील आष्टी देते. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे अनेक आहेत. १८१८ साली ज्या आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, ती सोलापूरकडील. मी सांगत आहे ती वर्धा जिल्ह्याच्या वायव्य टोकाशी वसलेली आष्टी होय.

वर्ध्याहून आर्वी, तळेगाव या मार्गाने मी तिकडे निघालो, तेव्हा प्रथम कापसाची व तुरीची काळीभोर शेते डोळ्यांपुढून सरकत होती. पुढे जमीन हळूहळू चढू लागली. सातपुड्याच्या बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या दिसू लागल्या. त्यांच्या अंगावर साग, पळस आणि मोह. पायथ्याशी संत्र्यांच्या बागा. गवळाऊ जातीची पांढरी, चपळ गुरे या डोंगराळ मुलखातलीच. डोंगरातील गवतावर वाढलेले त्यांचे बैल ओझे घेऊनही झपझप चालतात, म्हणून त्यांना पूर्वीपासून मोठी मागणी असे.

गावात शिरल्यावर दोन जुन्या, भव्य कबरी नजरेस पडतात. मोगल बादशहा जहांगीर याने आष्टी, आमनेर, पवनार व तळेगाव हे परगणे मुहंमद खान नियाझी नावाच्या अफगाण सरदाराला जहागीर म्हणून दिले. त्याने हा मुलूख लागवडीखाली आणला. १६२७ साली तो मरण पावला, तेव्हा त्याच्या कबरीवर मोगल पद्धतीची सुंदर वास्तू उभारण्यात आली. १६५१ साली मरण पावलेल्या अहमद खानाची तशीच, परंतु थोडी लहान कबर तिच्या शेजारीच आहे. दूरच्या काबूलकडील घराण्यातील माणसे या टेकड्यांच्या कुशीत कायमची विसावली, हे पाहून मनाला नवल वाटते.

आष्टीच्या पश्चिमेस वर्धा नदी आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळ ती उगम पावते आणि डोंगर उतरून दक्षिणेकडे वळते. १८०३ साली देवगावचा तह झाला. त्या तहान्वये नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. अशा रीतीने नदी ही दोन राज्यांची सीमा बनली. पुढे राजे बदलले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, १८५४ साली नागपूरचे राज्यही खालसा झाले आणि १८६२ साली वर्धा जिल्हा निर्माण झाला. आजही नदीच्या या काठी वर्धा जिल्हा आणि त्या काठी अमरावती जिल्हा आहे.

एका वृद्ध शेतकऱ्याला मी या सीमेविषयी विचारले. तो हसून म्हणाला, “बाप्पा, लेक तिकडं देल्ली, सून तिकडून आनली. मंग नदी कोनाची म्हनावं?” तहाच्या कागदांना जे सुचले नाही, ते त्या निरक्षर माणसाने एका वाक्यात सांगितले!

परंतु आष्टीचे नाव देशभर झाले ते १९४२ साली. महात्मा गांधी १९३६ पासून याच जिल्ह्यात, सेवाग्रामला राहत असत. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली आणि खेडोपाडी असंतोष पसरला. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ही गावे आधीच जागी झालेली होती. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी आष्टीचे व आसपासचे लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यास निघाले. पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा जण प्राणास मुकले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, डोंगरातला गोंडही होता. मग संतापलेल्या जमावाने पोलीस अधिकाऱ्याला व काही शिपायांना ठार मारले.

हा भाग सांगताना मन जड होते. अहिंसेच्या शिकवणीत तो बसणारा नव्हता, आणि त्या शिपायांच्या घरीही मुले वाट पाहत असतील. इतिहास सांगावयाचा तर तो पूर्ण सांगितला पाहिजे.

त्यानंतर सरकारने कठोर दडपशाही केली. आष्टी व चिमूर येथील अनेकांना फाशीची शिक्षा झाली. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी त्यांचे प्राण वाचविण्यासाठी अविश्रांत खटपट केली. अखेर फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या. आज लोक या गावाला ‘शहीद आष्टी’ म्हणतात आणि नागपंचमीला हुतात्म्यांना वंदन करतात.

नदीच्या सीमेने मुलूख वाटला गेला. परंतु संकटाच्या दिवशी या गावची माणसे जात आणि धर्म यांच्या सीमा ओलांडून एकत्र उभी राहिली. आष्टीची खरी थोरवी ती हीच. आपल्याही गावात एखादी जुनी वास्तू, एखादा ओढा किंवा एखादी शीव असेल. वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून तिची हकीकत विचारावी. नकाशात न मावलेला पुष्कळसा इतिहास त्यांच्या मुखी असतो, आणि तो न विचारल्यास त्यांच्याबरोबरच निघून जातो.