ओली मलमल

चेन्नईतील नुंगंबाक्कम येथे कॉलेज रोडवर हवामानखात्याची जी वेधशाळा आहे, तिचे मूळ १७९२ सालच्या मद्रास वेधशाळेत आहे. १८९९ मध्ये आकाशवेधाचे काम कोडाईकनालच्या डोंगरावर गेले. हवेची नोंद मात्र येथेच राहिली. त्या नोंदीचे एक जुने साधन मोठे साधे आहे. फटींच्या पांढऱ्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारीशेजारी ठेवायचे. एक उघडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओल्या मलमलीचे वेष्टन. हवा जितकी कोरडी तितका ओल्या तापमापकाचा पारा खाली, कारण मलमलीतील पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. दोहोंतील अंतरावरून आर्द्रता काढतात. घामाने चिंब होणाऱ्या त्या शहरात ओल्या वस्त्राचा गारवा सुखाचाच वाटावा.

सह्याद्रीत तो जिवावर बेततो. १६६० च्या त्या रात्रीच्या स्मरणार्थ आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे सुती कपड्यांत निघालेली मुले चढावर घामाने आतून आणि पावसाने बाहेरून भिजतात. चालत असेतो काही जाणवत नाही. थांबले की हुडहुडी भरते. वेधशाळेचा दृष्टांत येथे तोकडा पडतो, आणि तोकडा पडतो तेथेच खरी गोष्ट आहे. दाट धुक्यात, हवा बाष्पाने तुडुंब असताना, दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवितात. मलमल असली काय, नसली काय! माणूस मात्र कुडकुडतो. तापमापकाला स्वतःची ऊब नसते. माणसाला ती ३७ अंशांच्या आसपास राखायची असते. भिजलेल्या कापसाच्या धाग्यांतील हवा जाऊन तेथे पाणी बसते, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. त्यात वारा. गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले की जीभ जड होते, पाय अडखळतात, विचार मंदावतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही.

थरांनी कपडे घालण्याचा गिर्यारोहकांचा उपदेश मुळात या कोंडलेल्या हवेसाठी आहे: आत घाम धरून न ठेवणारे वस्त्र, मध्ये लोकर, वर वारापाऊस अडविणारे आवरण. धनगराच्या घोंगडीत तो फार पूर्वीच विणला गेला. दख्खनी मेंढीची राठ लोकर भिजली तरी चपटी होत नाही. तिच्या वळणदार तंतूंत हवा टिकते, आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. चिंचोक्याच्या खळीने ताठरलेली घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतली की अंगाला भिडत नाही. चढावर खांद्यावर टाकली की घामही कोंडत नाही. भात लावणारणीचे इरले तर पाठीला जेमतेम टेकून ती कोरडी ठेवते. प्लास्टिकचा रेनकोट पाऊस अडवितो, घाम मात्र आत साठवितो. त्याने घोंगडीला हटविले ते स्वस्त आणि हलका म्हणून, उबदार म्हणून नव्हे. अर्थात भिजलेली घोंगडी फार जड होते, हेही खरे. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी ती एकदा घाट चढताना वाहून पाहावी.

जाणते भटके आज पिशवीच्या तळाशी एक लोकरी सदरा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून नेतात. कितीही थंडी वाजली तरी चालताना तो काढीत नाहीत. मुक्काम आला, ओले सारे उतरविले, अंग पुसले, की मग त्याची गाठ सुटते.