भेंडीवरचा केवडा

भेंडीच्या पानावरचा केवडा रोग मी शाळेत जायच्या आधीच ओळखायला शिकलो. चौसाळ्यात विहिरीलगत आमचे भेंडीचे वाफे होते. आई सकाळी पान उलटून उन्हाकडे धरायची. शिरा तेवढ्या पिवळ्या, मधली जागा हिरवी, पानभर जाळी. असं रोप दिसलं की ती ते मुळासकट उपटायची. फूल लागलेलं असलं तरी गय नाही. "एकाची दया केली की सगळा वाफा जातो," म्हणायची.

तेव्हा पुसा सावनी पेरायचे. ही जात सुरुवातीला केवड्याला पुरून उरली होती, पण मृगात पेरलेली भेंडी श्रावणात पिवळीधमक झालेली मी पाहिली आहे. फळंही पांढुरकी, निबर. मग परभणीच्या कृषी विद्यापीठातून 'परभणी क्रांती' आली. जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या रानटी भावकीतल्या जातीशी करून ती घडवली; 1985 साली ती शेतकऱ्यांच्या हाती पडली. आपल्या मराठवाड्याच्या या बियाण्याचा मला आजही अभिमान वाटतो. काही वर्षं आईला उपटायला रोपच सापडेना. पुढे या जातीतही केवडा शिरला.

मी त्याचा दोष बियाण्याला देत नाही. केवड्याचा विषाणू बदलत राहतो, आणि लागण झालेलं रोप बरं करणारं औषध नाही. हाती राहते ती वेळ. उगवणीनंतरचा पहिला महिना सांभाळला तर मागाहून केवडा आला तरी काही तोडे पदरात पडतात. आमच्याकडे नेमका तेव्हाच पाऊस ओढ देतो, उकाडा वाढतो आणि पानांमागे पांढरी माशी बसू लागते. रोगट झाडाचा रस शोषलेली माशी रोग घेऊनच पुढच्या झाडावर जाते. म्हणून माशी अडवायला भेंडीआधी वाफ्याभोवती मका दाट टोचायचा. वाळवलेल्या निंबोळ्यांची अर्धा किलो भुकटी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, दहा लिटर पाण्यात करायची आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायची.

दुकानातला औषधाचा डबा आणला की काम लवकर उरकतं, असं गावात बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. आज विषारी औषध मारलं तर परवाच्या पाटीतून ते बाजारात जाणार, आणि त्याच तोड्यातली मूठभर भेंडी आमच्या कढईत पडणार.