शटरचा भार

सोलापूरच्या नवी पेठेत दिवस सुरू होतो तो शटरच्या खडखडाटाने. एकामागून एक दुकाने उघडतात, कोणी पायरीवर पाणी शिंपडतो, कोणी उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेतो. गल्ला, तराजू, वहीखाते या सर्वांना व्यापारी घरात मानाचे स्थान आहे. दिवाळीला वहीपूजन होते, तिजोरीला हळदकुंकू लागते. परंतु ज्याच्या उघडण्यावर हे सारे अवलंबून, त्या शटरकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. ते वर जाते आणि खाली येते, एवढेच त्याच्याविषयी ठाऊक असते.

नवी पेठेतील एका कापड दुकानातही असेच होते. खाली दुकान, वर राहते घर. दुकानाचे मालक सत्तरी ओलांडलेले. घरात आणि पेठेतही त्यांना सारे काकाच म्हणत. हिशेबाला चोख, बोलण्याला मृदू. चौदा वर्षांपासून दुकानात असलेला माणूस रोज वेळेवर येई, शटर उघडी, झाडलोट करी आणि मग काका जिना उतरून गादीवर बसत. इतक्या वर्षांत शटरला हात लावण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

ती आली जानेवारीत, संक्रांतीच्या दिवसांत. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरातील अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला निघते. त्या दिवशी दुकानातील माणसाने सुटी घेतली होती. काकांनी कुलपे काढली, खाली वाकून शटरला हात घातला आणि ते गुडघ्यापर्यंत येऊन थांबले. पुतण्याने हात लावला, तरी कमरेच्या वर जाईना. अखेर शेजारच्या दुकानातून दोघे धावून आले. चौघांनी ते वर नेले, पण हात सोडताच ते पुन्हा खाली सरकू लागले. शेजाऱ्यांपैकी एकाने कोपऱ्यात उभी असलेली लाकडी काठी उचलून झटकन शटरखाली टेकवली. "तुमचा माणूस रोज हीच लावतो की, काका," तो म्हणाला.

ती काठी काका कित्येक महिने पाहत होते. उंचावर टांगलेले कपडे काढण्यासाठी ती ठेवली असावी, असाच त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी माणूस कामावर आला. काकांनी विचारले, "शटर कधीपासून जड झालंय रे?"

"चैत्रापासून, काका. आधी थोडं होतं, मग वाढत गेलं. लग्नसराई होती, नंतर दिवाळीची गडबड. म्हटलं, कशाला उगाच खर्च. मग सवय झाली."

काका काहीच बोलले नाहीत. आठ फूट रुंद आणि तेवढ्याच उंच शटरच्या पोलादी पडद्याचे वजन पत्र्याच्या जाडीनुसार साधारण साठ ते ऐंशी किलो भरते. ते एका हाताने उचलता येते, कारण त्याचा बहुतेक भार वरच्या पाइपवर बसवलेल्या स्प्रिंगा पेलतात. घड्याळाला किल्ली दिली की आतली कमान जशी आवळत जाते, तसेच येथे घडते. शटर खाली ओढताना स्प्रिंग गुंडाळली जाऊन ताण साठवते आणि उघडताना तोच ताण हाताला साथ देतो. म्हणूनच शटर पूर्ण बंद असते तेव्हा स्प्रिंगवर सर्वांत जास्त ताण असतो. ते पूर्ण वर गेल्यावर तो कमी होतो, पण संपत नाही. स्प्रिंग थकली म्हणून पडद्याचे वजन घटत नाही. स्प्रिंगेने सोडलेला भार कोणीतरी उचलावाच लागतो.

पुतण्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा. अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग स्वतः बदलतात, त्याच्या चित्रफिती त्याने पाहिल्या होत्या. स्प्रिंगा बाजारातून आणून आपणच बसवाव्यात, असे त्याने सुचवले. काकांनी मात्र पेठेतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी त्याला हसून उत्तर दिले नाही, हातातला लांब दांड्याचा पाना पुढे केला आणि म्हणाले, "दादा, स्प्रिंग बसवणं अवघड नाही. तिचा ताण सोडणं अवघड. हातातून पाना सुटला तर तो मनगट मोडतो."

काम सुरू होताच आणखी एक अडचण निघाली. दुकानाच्या पाटीमागे, शटरच्या पेटीला लागून कबुतराचे घरटे होते आणि त्यात दोन अंडी होती. क्षणात सारे घर खाली आले. घरट्याला धक्का लागता कामा नये, असे काकांनी बजावले. मिस्त्रींनी बाहेरची बाजू तशीच ठेवली आणि आतल्या बाजूने पेटीचा पत्रा काढला. काम तासाभराने लांबले, पण अंडी सुखरूप राहिली.

मिस्त्रींनी आधी शटर वर गुंडाळून दोराने घट्ट बांधले. मग पान्याने पाइप धरून उरलेला ताण हळूहळू सोडला. आत पाहिले तर एक स्प्रिंग तुटलेली आणि दुसरी एकटीच भार ओढून ढिली पडलेली. त्यांनी दोन्ही बदलल्या. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर पडदा एका बाजूला ओढला जातो आणि नवीही लवकर जाते. पुन्हा ताण भरून त्यांनी शटर कमरेइतक्या उंचीवर आणून सोडले. ते जागच्या जागी थांबले. "एवढं पाहिलं तरी पुरे," ते म्हणाले. "खाली घसरलं तर ताण कमी, आपोआप वर पळालं तर जास्त. महिन्यातून एकदा बघा."

घरच्या घरी करण्याजोगी कामेही त्यांनी सांगितली. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमधील धूळ आणि सूत कोरड्या फडक्याने पुसावे. तेथे जाड ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ बसून पट्ट्या अडकतात. भिंतीतील बोल्ट हलत नाहीत ना, हे पाहावे. आवाज बदलला, शटर तिरके चालू लागले किंवा जड झाले, तर टेकू न शोधता मिस्त्रीला बोलवावे.

रात्री जेवणानंतर पुतण्याने हिशेब मांडला. तिकडे गॅरेजच्या दारांच्या स्प्रिंगांसाठी साधारण १०,००० वेळा उघडझाप, असे आयुष्य धरतात. दिवसातून दोनदा उघडझाप धरली, तर वर्षाला सुमारे ६०० आणि एकूण सोळा वर्षे. पेठेतली धूळ आणि शटरची बनावट पाहता आपल्याकडे हा आकडा जसाच्या तसा लागू पडणार नाही. तरीही कोणत्याही स्प्रिंगेचे आयुष्य मोजकेच असते, एवढे त्यातून कळते. काका म्हणाले, "फर्निचरचा घसारा मी दरवर्षी लिहितो. याचा कधी लिहिला नाही."

त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "कबुतराची अंडी दिसली तेव्हा घरातले पाच जण खाली धावले. तो रोज कंबर वाकवून उचलत होता, ते नऊ महिने कोणाला दिसलं नाही. काठी तर डोळ्यांपुढेच होती."

काकांना उत्तर सुचले नाही. जीवदयेत त्यांनी कधी कसूर केली नव्हती. पाणी गाळून पिणे, दिवा झाकून ठेवणे, पाखरांना दाणे टाकणे हे सारे लहानपणापासून अंगी मुरलेले. पण जो माणूस तक्रार करत नाही त्याचा भार दिसत नाही, आणि तो आपल्याला आपला मानतो म्हणूनच तक्रार करत नाही, हे त्यांना त्या रात्री उमगले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माणसाला डॉक्टरांकडे नेऊन त्याची पाठ तपासून घेतली. ती काठी माळ्यावर टाकली. खर्चाच्या वहीत एक नवे पान उघडून स्प्रिंगा बदलल्याची तारीख लिहिली आणि खाली पुढच्या तपासणीसाठी महिन्यांचे रकाने आखले.

आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला काका दहा मिनिटे आधी जिना उतरतात. त्या दिवशी शटर ते स्वतः उघडतात; दुकानातला माणूस शेजारी उभा राहतो. ते कमरेइतक्या उंचीवर थांबते का, हे दोघे मिळून पाहतात आणि मग वहीत त्या महिन्याच्या रकान्यात खूण होते.